पावलांसाठी मोकळी जागा

टँगो म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लाल झगा, ओठांत गुलाब आणि झटक्याने वळणारी मान येते. तो झाला रंगमंचावरचा टँगो. अर्जेंटिनातल्या ब्युनॉस आयर्स शहरात माणसे रात्री ज्या मेळाव्यात टँगो नाचतात त्याला 'मिलोंगा' म्हणतात, आणि तिथे बहुतेक जण नाचायलाच आलेले असतात. घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सगळी जोडपी वर्तुळात सरकत राहतात. पावले आधी बसवलेली नसतात, ती ऐन वेळी संगीतातून सुचतात. म्हणूनच अशा रात्रीसाठी वाद्यवृंद निवडणे हे जोखमीचे काम आहे.

मी नाचणारा नव्हे, कवी. पण वृत्तात लिहिणाऱ्याला हा प्रश्न ओळखीचा वाटतो. यती कुठे येणार याची कानाला चाहूल लागली, तरच ऐकणारा ओळीबरोबर चालतो. टँगोच्या पारंपरिक वाद्यवृंदात ढोल-ताशा काही नसतो. असतात ती व्हायोलिन, पियानो, डबल बास आणि बँडोनिऑन, म्हणजे आपल्या बाजाच्या पेटीची दोन्ही हातांनी ताणून वाजवायची जर्मन बहीण. ठेका याच वाद्यांनी सांभाळायचा. तो हरवला की जोडप्याचे पाऊल अधांतरी राहते.

1935 मध्ये हुआन दारिएन्सोच्या वाद्यवृंदात रोदोल्फो बियाजी हा पियानोवादक आला. लय चढली, ठेका टोकदार झाला आणि तरुण मंडळी पुन्हा नाचाकडे वळली. पुढची वीसेक वर्षे टँगोचा सुवर्णकाळ मानली जातात. कार्लोस दि सार्लीचे संगीत संथ, डौलदार चालीचे. ओस्वाल्दो पुग्लिएसेची लय ताणली जाते, थबकते, मग उसळते. ती मुरलेल्या पावलांनाच पेलते.

आनिबाल त्रोइलोच्या वाद्यवृंदात आस्तोर पियाझोला हा तरुण बँडोनिऑन वाजवी आणि वाद्यरचनाही लिही. त्याच्या रचना इतक्या गच्च भरलेल्या असत, की त्रोइलो त्यातले कित्येक स्वर खोडरबराने पुसून टाकी, असे सांगतात. का? तर लोकांना नाचता यावे म्हणून. पियाझोला 1944 मध्ये बाहेर पडला आणि त्याचे संगीत पुढे जगभरच्या सभागृहांत गाजले. ते थोरच आहे. पण ते मुख्यतः बसून ऐकायचे. नाचाच्या रात्री त्रोइलोचे खोडरबर मोलाचे.

मग निवड कशी करावी? वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण लावून आपल्या खोलीत नुसते चालून पाहावे. पाऊल कुठे टाकायचे हे विचार न करता कळले, तर पहिली परीक्षा पास. गायक ठेका सोडून सूर लांबवत बसतो का, हे ऐकावे. मिलोंगात एकाच धाटणीची तीन-चार गाणी सलग वाजतात, त्या संचाला 'तांदा' म्हणतात. तेवढा वेळ जोडीदार बदलत नाही. म्हणून एक गाणे संथ आणि दुसरे वादळी, असे नको. गाणे तीनेक मिनिटांचे असावे, मधली भाषणे आटोपशीर. टँगोबरोबरच वॉल्ट्झच्या वळणाचा 'वाल्स' आणि द्रुत चालीची, 'मिलोंगा' याच नावाची नृत्यरचना येते की नाही, हेही आधीच विचारून घ्यावे.

या निवडीमागे वादकांच्या पोटाचा प्रश्न आहे. 1955 नंतर राजकारण पालटले, रॉक संगीत आले आणि मोठे वाद्यवृंद एकेक करून मोडले. आज बहुतेक मिलोंगांत जुनी ध्वनिमुद्रणेच वाजतात. ती स्वस्त पडतात, आणि नाचणाऱ्यांची पावले त्यांवरच घडलेली असतात. न शोभणारा वाद्यवृंद आला की लोक खुर्च्यांवर जाऊन बसतात, आणि पुढच्या वेळी आयोजक जिवंत वादकांवर पैसे घालायला धजत नाही. उलट रॉबेर्तो आल्वारेस या पुग्लिएसेच्या बँडोनिऑनवादकाने 1989 मध्ये 'कलर टँगो' हा वाद्यवृंद काढला, तो नाचणाऱ्यांनी आपलासा केला.

आपले कसब थोडे पुसून समोरच्याच्या पावलाला जागा देणे, यात कलावंताला कमीपणा नाही. कवितेतही दोन शब्दांमधली जागा वाचणाऱ्याची असते. असे वादक सापडले, तर त्यांना त्यांच्या मागणीइतके मानधन खुशाल द्यावे.