दिवा लागतो, पण इंजिन का फिरत नाही?

रस्त्यात बंद पडलेली मोटार चार माणसे ढकलतात आणि ती सुरू होते, हे दृश्य तुम्ही पाहिले असेल. पण हीच वेळ भर समुद्रात आली तर? तिथे उतरायचे कुठे आणि ढकलायचे कसे?

समजा, कोकणच्या किनाऱ्यावरची मासेमारीची एक यांत्रिक नौका आहे. पावसाळाभर ती किनाऱ्यावर ओढून ठेवली होती. हंगाम सुरू झाला आणि नौका पाण्यात गेली. सकाळी इंजिन जरा कुरकुरतच सुरू झाले. दुपारी जाळे टाकून तांडेलाने इंजिन बंद केले. संध्याकाळी निघायच्या वेळी पाहतो तर वारा किनाऱ्याकडे वाहू लागलेला आणि त्या बाजूला खडक! त्याने स्टार्टरचे बटण दाबले. नुसता ‘टक्’ असा आवाज आला. केबिनमधला दिवा मात्र लख्ख जळत होता. व्होल्टमीटर लावला, तर बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत होती.

“बॅटरी तर ठणठणीत आहे. स्टार्टरच जळला असणार,” एक खलाशी म्हणाला.

तांडेलाने आधी नांगर टाकायला लावला. हे त्याने फार शहाणपणाचे केले. नौका एका जागी राहिली आणि विचार करायला वेळ मिळाला. आता आपणही त्याच्याबरोबर हा दोष शोधू या. त्यासाठी लागणारे मुख्य हत्यार तुमच्या पाठ्यपुस्तकातच आहे. ते म्हणजे जर्मन शास्त्रज्ञ ओहम याने १८२७ साली मांडलेला नियम.

१२.६ हा आकडा काय सांगतो?

नौकेतील बॅटरी बहुधा शिसे आणि सल्फ्युरिक आम्ल यांची असते. अशा घटाचा शोध फ्रेंच शास्त्रज्ञ प्लांते याने १८५९ मध्ये लावला. पूर्ण भारित झालेल्या एका घटाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट असतो. असे सहा घट एकसरीत जोडले की १२.६ व्होल्ट होतात.

पण तांडेलाने हे माप घेतले, तेव्हा बॅटरीतून प्रवाह जवळजवळ वाहतच नव्हता. प्रवाह नसेल, तर वाटेतला अडथळा कळणार कसा? नळ बंद असताना नळीतले पाणी पूर्ण दाबाखाली असते, मग नळी आतून अर्धी बुजलेली का असेना. नळ सोडला आणि पाणी वाहू लागले, म्हणजेच नळी कुठे बुजली आहे ते समजते. विजेचेही असेच आहे. दाब किती आहे हे जेवढे महत्त्वाचे, तेवढेच तो प्रवाह वाहताना टिकतो का, हेही महत्त्वाचे असते.

थोडे गणित करू

इंजिन फिरवण्यासाठी स्टार्टरला फार मोठा प्रवाह लागतो. हिशेबाच्या सोयीसाठी स्टार्टरचा रोध ०.०५ ओहम आणि बॅटरीचा अंतर्गत रोध ०.०१ ओहम धरू. (फिरणाऱ्या मोटरचे गणित थोडे वेगळे असते, पण आपल्या कामाला एवढे पुरे.)

एकूण रोध ०.०६ ओहम झाला. म्हणून प्रवाह = १२.६ ÷ ०.०६ = २१० अँपिअर. स्टार्टरला मिळणारा दाब = २१० × ०.०५ = १०.५ व्होल्ट. एवढ्यावर इंजिन झोकात फिरेल.

आता तारेच्या एका जोडावर गंज चढला आणि तिथे ०.०६ ओहम रोध निर्माण झाला, असे समजा. किती क्षुल्लक वाटतो हा आकडा! पण परिपथाचा एकूण रोध आता दुप्पट, म्हणजे ०.१२ ओहम झाला. प्रवाह निम्मा, म्हणजे १०५ अँपिअर उरला. स्टार्टरच्या वाट्याला फक्त ५.२५ व्होल्ट आले, आणि तो खराब जोड एकटाच ६.३ व्होल्ट गिळून बसला. ‘टक्’ हा आवाज स्टार्टरच्या विद्युतचुंबकाचा. मोटरच्या मानाने त्याला थोडाच प्रवाह लागतो, म्हणून तो आपले काम करतो. मोटर मात्र जागची हलत नाही.

आणि दिवा? १२ वॉटच्या दिव्याला सुमारे १ अँपिअर प्रवाह पुरतो. तो याच खराब जोडातून नेला, तरी तिथे १ × ०.०६ = ०.०६ व्होल्ट एवढीच घट होईल. आपल्या डोळ्यांना ती कळणारही नाही. म्हणजे दिवा लागला, यावरून एवढेच सिद्ध होते की १ अँपिअरला वाट मोकळी आहे. २०० अँपिअरला ती मोकळी आहे, असे मुळीच सिद्ध होत नाही!

दोष कसा शोधावा?

आता तांडेल इंधन बंद ठेवतो, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. एका खलाशाला तो बटण दाबायला सांगतो. दर वेळी दोन-तीन सेकंदच दाबायचे, कारण जास्त वेळ दाबल्यास तारा आणि मोटर तापतात. बटण दाबलेले असतानाच तो व्होल्टमीटर वाचतो.

पहिले माप बॅटरीच्या दोन खुंट्यांवर. दाब ६-७ व्होल्टपर्यंत कोसळला, तर दोष बहुधा बॅटरीतच आहे. बॅटरी दीर्घकाळ उतरलेल्या स्थितीत पडून राहिली, तर तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि अंतर्गत रोध वाढतो. पण आपल्या नौकेत मीटर ११.५ व्होल्ट दाखवतो. म्हणजे बॅटरी निर्दोष!

दुसरे माप बॅटरीची धन खुंटी आणि स्टार्टरवर जिथे जाड तार येते ते टर्मिनल, यांच्यामध्ये. इथे आपण तारेच्याच दोन टोकांमधले विभवांतर मोजत आहोत. तार व जोड चांगले असतील, तर ते अर्ध्या व्होल्टच्या आत असावे. मीटर ०.२ दाखवतो. ही वाट मोकळी आहे.

तिसरे माप परतीच्या वाटेवर, म्हणजे इंजिनचे लोखंडी अंग आणि बॅटरीची ऋण खुंटी यांच्यामध्ये. मीटरचा काटा थेट ६ व्होल्टवर! चोर सापडला. आता मीटरची एक तार जागेवर ठेवून दुसरी जोडामागून जोडावर टेकवत गेले की, नेमका कोणता जोड दाब खातो ते कळते. इथे तो इंजिनला बोल्टने आवळलेला होता. वरून तो ठीक दिसत होता. खाली मात्र हिरवा थर होता.

पुष्कळ जण धन बाजूच तपासतात आणि परतीची वाट विसरतात. प्रवाहाला मात्र दोन्ही वाटा सारख्याच लागतात.

हा हिरवा थर कुठून आला?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाण्याचे तुषार वाळले तरी क्षार मागे राहतात, आणि दमट हवेत ते पुन्हा ओलावा शोषून घेतात. तांबे, हवा आणि हे खारे पाणी एकत्र आले की, घरातल्या तांब्यापितळेच्या भांड्यांवर चढतो तसा कळंक तयार होतो. तांबे हे उत्तम विद्युतवाहक आहे; कळंक मात्र तसा नाही.

शिवाय अशी तार अनेक बारीक तारांची वळलेली असते. समईच्या वातीत तेल चढते, त्याप्रमाणे त्या तारांमधल्या फटींतून खारे पाणी आवरणाच्या आत खोलवर शिरते. म्हणून नौकेसाठी प्रत्येक बारीक तारेला कथलाची कल्हई केलेली तार चांगली. जोड घट्ट दाबून बसवावा, त्यावर ग्रीस लावावे आणि नौकेच्या तळाशी साचणाऱ्या पाण्यापासून तो उंच ठेवावा.

तुम्ही करून पाहा

टॉर्चचे दोन कोरडे घट, तंतूचा एक छोटा बल्ब, पेन्सिलीतील शिशाचा चार-पाच सेंटिमीटर लांबीचा तुकडा आणि व्होल्टमीटर घ्या. शिशाचा तुकडा हा आपला ‘गंजलेला जोड’. घट, शिसे आणि बल्ब एकसरीत जोडा. प्रथम बल्ब काढून, तो जिथे जोडायचा त्या दोन टोकांमध्ये व्होल्टमीटर लावा. जवळजवळ ३ व्होल्ट दिसतील. जणू शिसे तिथे नाहीच! आता बल्ब जोडून पुन्हा मोजा. दाब घसरलेला दिसेल. घसरलेले व्होल्ट शिशाच्या दोन टोकांमध्ये सापडतात का, तेही पाहा.

हा प्रयोग कोरड्या घटांवरच करा. मोठ्या बॅटरीच्या दोन खुंट्यांवर पाना आडवा पडला, तर शेकडो अँपिअर वाहून तो लाल होऊ शकतो. भारित होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि एका ठिणगीने त्याचा स्फोट होतो. म्हणून तांडेलाने जोड सोडवण्यापूर्वी केबिनची दारे उघडून हवा खेळू दिली, आणि बॅटरीची ऋण तार आधी काढून ती शेवटी जोडली.

जोड पॉलिश कागदाने चकचकीत घासला, घट्ट आवळला. बटण दाबताच इंजिन धडधडू लागले. व्होल्टमीटर हळूहळू १४ व्होल्टवर चढला, म्हणजे जनित्र बॅटरी भारित करू लागले होते. नवा स्टार्टर लागला नाही आणि नवी बॅटरीही नाही. लागला तो पॉलिश कागदाचा तुकडा, आणि कुठे घासायचे याचे ज्ञान.

जाता जाता एक कोडे. दुसऱ्या एका नौकेत बटण दाबताच सारे दिवे मंद होतात, पण त्याच वेळी बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर मात्र ११.५ व्होल्ट मिळतात. दोष कुठे असेल? कागदावर परिपथ काढा, दिव्यांचा आणि स्टार्टरचा प्रवाह कुठपर्यंत एकाच वाटेने जातो ते पाहा, म्हणजे उत्तर आपोआप सापडेल.