त्याच जागी पुन्हा खड्डा का पडतो?

मे महिन्यात ज्या रस्त्यावरून तुमची एस. टी. सुरळीत धावत होती, त्याच रस्त्यावर जुलैत ती हेलकावे खात जाते. रस्ता तोच, गाड्या त्याच, मालट्रकांचे ओझेही तेच. मग दोन महिन्यांत असे काय घडते?

‘पावसाने रस्ता वाहून गेला’ असे उत्तर आपण सहज देऊन टाकतो. पण थोडा विचार करा. रस्ता बनतो खडी आणि डांबर यांचा. खडी पाण्यात विरघळत नाही. डांबरही विरघळत नाही. उलट छतातून पाणी झिरपू नये म्हणून गच्चीवर डांबराचा थर देतात. मग पाण्याला दाद न देणाऱ्या दोन वस्तूंचा रस्ता पाण्याने कसा उखडतो? आणि दिवाळीत बुजवलेला खड्डा पुढच्या पावसाळ्यात नेमका त्याच जागी का उघडा पडतो? ही दोन कोडी सोडवायची तर आपल्याला रस्त्याच्या पोटात शिरले पाहिजे.

रस्त्याच्या पोटात

आपल्याला दिसते ती काळी पट्टी म्हणजे रस्त्याचे केवळ वरचे कातडे. तिच्याखाली खडीचा दाबून बसवलेला थर असतो, त्याखाली मुरमाचा, आणि सर्वांत खाली रोलरने दाबलेली मूळ जमीन. मालट्रकच्या टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ किलोग्रॅम असतो. जवळजवळ तेवढाच दाब चाकाखालच्या जागेवर पडतो. चिखलात उभे राहिले की पाय रुततो, पण फळी टाकून तिच्यावर उभे राहिले तर रुतत नाही, कारण तेच वजन मोठ्या जागेवर पसरते. रस्त्याचे थर या फळीचेच काम करतात. शेवटी ओझे पेलते ती मात्र खालची जमीन.

म्हणून ती जमीन कोरडी आहे की ओली, याला फार महत्त्व आहे. एक सोपा प्रयोग करून पाहा. दोन सारखे डबे घ्या. अंगणातील माती किंचित ओलसर करून दोन्हींत सारखीच ठोकून भरा आणि तीन-चार दिवस उन्हात वाळू द्या. मग एका डब्यात हळूहळू पाणी घालून तासभर मुरू द्या. आता दोन्हींतील मातीवर एकेक नाणे ठेवा आणि त्यावर एक किलोचे वजन तोलून धरा. कोरड्या मातीवर नाणे जागच्या जागी राहील. ओल्या मातीत ते किती रुतते, ते पट्टीने मोजा. तुमच्या भागात काळी माती असेल तर आणखी एक गोष्ट दिसेल. ही माती भिजली की फुगते आणि वाळली की आक्रसून भेगाळते. अशा जमिनीवरचा रस्ता दर वर्षी थोडा वर उचलला जातो आणि थोडा खाली बसतो.

ही गोष्ट ओळखून तिच्यावर सारी भिस्त ठेवणारा एक स्कॉटिश माणूस होऊन गेला. त्याचे नाव जॉन मॅकॅडम. १८१६ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल भागातील रस्त्यांची देखरेख त्याच्याकडे आली. खालची जमीन कोरडी राहिली तर ती हवे ते ओझे पेलेल, असे त्याचे म्हणणे होते. म्हणून त्याने रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच केला, दोन्ही बाजूंना उतार दिला आणि बारीक, टोकदार खडी एकमेकींत घट्ट बसवली. आपल्या बांधकाम खात्याच्या कागदपत्रांत ‘वॉटर बाउंड मॅकॅडम’ हे नाव आजही आढळते, ते याच माणसाचे.

पाणी आत शिरते तेव्हा

कडक उन्हाने आणि हवेतील ऑक्सिजनमुळे डांबर वर्षानुवर्षे कडक व ठिसूळ होत जाते. त्यावरून जड चाक गेले की पृष्ठभाग किंचित वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तशाच डांबरी थराला बारीक भेगा पडतात. उन्हाळ्यात या भेगा निरुपद्रवी वाटतात. पहिल्या पावसात मात्र त्या पाण्याच्या वाटा बनतात. आत शिरलेले पाणी तेथे तीन कामे करते.

पहिले काम म्हणजे डांबर आणि दगड यांची ताटातूट. डांबर हा तेलाच्या जातीचा पदार्थ आहे. दगडाच्या पृष्ठभागाला तेलापेक्षा पाण्याची ओढ अधिक असते. त्यामुळे संधी मिळताच पाणी दोघांच्या मध्ये घुसते आणि डांबराचे वेष्टन दगडावरून सोलले जाते. ग्रॅनाइटसारख्या सिलिका जास्त असलेल्या दगडांवर हे लवकर घडते. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात वापरला जाणारा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, डांबराला त्यापेक्षा चांगला धरून ठेवतो. तेव्हा आपल्या खड्ड्यांचा सारा दोष दगडाला देता येणार नाही.

दुसरे काम अधिक जोरकस आहे. पाणी दाबले तरी त्याचे आकारमान जवळजवळ कमी होत नाही. पिचकारीचा दट्ट्या दाबला की पाणी जोराने बाहेर उडते, हे तुम्ही रंगपंचमीला पाहिलेच आहे. पाण्याने भरलेल्या भेगेवरून चाक जाते तेव्हा भेगेची अशीच पिचकारी होते. पाणी चहूकडे रेटले जाते, आणि चाक पुढे गेले की मागे ओढले जाते. प्रत्येक चाकाबरोबर थोडी बारीक माती आणि रेती बाहेर येते. पावसानंतर रस्त्याच्या भेगेपाशी गढूळ पाण्याचा ओघळ दिसला, तर खालचा थर पोकळ होत आहे असे समजा.

तिसरे काम तुम्ही डब्यात पाहिलेच आहे. खालची जमीन मऊ होते. वरून डांबर सुटलेले, मधून माती गेलेली आणि खाली आधार नाही, अशा जागी एके दिवशी कातड्याचा तुकडा निघतो आणि खड्डा दिसू लागतो. आपल्याला तो एका रात्रीत पडल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात त्याची तयारी कितीतरी आधी सुरू झालेली असते.

चाकाचा हिशेब

मग चाक निर्दोष आहे काय? तसे नाही. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ओटावा या गावाजवळ मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर वेगवेगळ्या ओझ्याचे ट्रक सतत चालवण्यात आले. त्या चाचणीतून एक ढोबळ नियम मिळाला. रस्त्याला होणारी इजा आसावरील ओझ्याच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ओझे दुप्पट झाले तर इजा २ × २ × २ × २, म्हणजे १६ पट! आसावरील ओझे सव्वापट झाले तर इजा जवळजवळ अडीचपट होते. मोटारीच्या एका आसावर अर्धा टन आणि ट्रकच्या आसावर दहा टन ओझे धरून दोघांच्या इजेचे गुणोत्तर तुम्हीच काढा. उत्तर १,६०,००० येईल.

आता पहिले कोडे सुटले. नुसते पाणी किंवा नुसते चाक रस्त्याला सावकाश झिजवते. पाणी आत साठलेले असताना वरून जड चाक गेले की रस्ता झपाट्याने फुटतो. मे महिन्यात चाक होते, पण पाणी नव्हते.

ठिगळ का टिकत नाही?

दुसऱ्या कोड्याचे उत्तर यातच दडलेले आहे. भर पावसात खड्ड्यात साचलेले पाणी न काढता त्यात खडी टाकली, तर डांबर ओल्या दगडाला चिकटत नाही. डांबर-खडीचे गरम मिश्रण साधारण १५० अंश सेल्सिअसला तयार होते आणि ते गरम असतानाच दाबावे लागते. पावसात ते लवकर निवते, मग रोलर फिरवूनही घट्ट बसत नाही. योग्य रीत अशी : खड्ड्याच्या कडा उभ्या, चौकोनी कापायच्या, सैल माती काढून तो कोरडा करायचा, तळाला व कडांना पातळ डांबर लावायचे, थराथराने भरून दाबायचे आणि शेवटी जोड बंद करायचा. पावसाळ्यासाठी न तापवता वापरायचे खास मिश्रणही असते.

पण एवढे करूनही पाणी त्या जागी येतच राहिले तर? गटार तुंबलेले असते, बाजूची पट्टी रस्त्यापेक्षा उंच झालेली असते, खालून जलवाहिनी गळत असते, किंवा नळासाठी खणलेला चर नीट न दाबता बुजवलेला असतो. अशा ठिकाणी आपण खड्डा बुजवतो, पण पाण्याची वाट तशीच राहते. म्हणून तो तेथेच परत पडतो.

हा केवळ हेलकाव्यांचा प्रश्न नाही. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात खड्ड्यांमुळे झालेल्या अपघातांत देशात १,८५६ माणसे मृत्युमुखी पडली. चांगले रस्ते मिळणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटले आहे.

तुम्ही काय करू शकाल?

शाळेजवळच्या एक किलोमीटर रस्त्याचा नकाशा काढा. शिक्षकांबरोबर, रहदारी नसताना आणि रस्त्याच्या कडेने चालत त्यावर खड्डे दाखवा. प्रत्येक खड्ड्यापुढे लिहा : पाणी साचते का? गटार आहे का? ते वाहते का? जवळ नुकताच चर खणला होता का? पावसानंतर पाणी किती तास टिकते? भर पावसात रस्त्याच्या मध्यावरचे पाणी कडेला वाहत जाते का, हेही पाहा. सात मीटर रुंदीच्या डांबरी रस्त्याला चाळिसास एक असा उतार दिला, तर त्याचा मध्य कडेपेक्षा सुमारे ९ सेंटिमीटर उंच हवा. एवढाही उतार नसेल तर पाणी जाणार कोठे?

असा नकाशा तारीख घालून ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला द्या आणि त्याची एक प्रत शाळेत ठेवा. ‘रस्ता खराब आहे’ या तक्रारीपेक्षा ‘या बारा खड्ड्यांपैकी नऊ तुंबलेल्या गटाराशेजारी आहेत’ असे वाक्य कितीतरी उपयोगी पडते, कारण त्यात दुरुस्ती कोठून सुरू करायची तेही सांगितलेले असते. पुढच्या वर्षी तुमच्या मागचा वर्ग तोच नकाशा घेऊन निघेल, तेव्हा कोणते खड्डे परत पडले आणि कोणते नाहीत हे त्यांना ताडून पाहता येईल.