अलिबागचे ‘शनिवार तेली’ कोण होते?

मुंबईहून बोटीने मांडव्याला उतरून अलिबागकडे निघालं की किनाऱ्याच्या बाजूला किहीम, नवगाव, थळ ही गावं लागतात. बहुतेक लोक इथे समुद्रासाठी येतात. पण नवगावात एक जुनी दफनभूमी आणि तिथे उभारलेलं एक स्मारक आहे. कोकणात ज्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, त्या समाजाची गोष्ट इथून सुरू होते.

हे नाव कसं पडलं?

हे तेली म्हणजे बेने इस्रायल, मराठी बोलणारे ज्यू. समाजातल्या परंपरेनुसार सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नवगावजवळ एक जहाज फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांना तिथेच पुरलं, असं मानतात. याचा त्या काळचा लेखी पुरावा नाही. पण पुढे ही माणसं कुलाब्याच्या गावागावांत पसरली आणि तेल गाळण्याच्या धंद्यात स्थिरावली, हे नक्की. गावावरूनच त्यांची आडनावं पडली: नवगावकर, किहीमकर, पेणकर, चेऊलकर.

ज्यू धर्मात शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी संध्याकाळपर्यंत काम वर्ज्य असतं. त्यामुळे शनिवारी यांचे घाणे बंद. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ‘सोमवार तेली’, तर हे ‘शनिवार तेली’. गावाला ज्यू धर्माची माहिती नव्हती, पण तेल कोणत्या दिवशी मिळणार नाही हे पक्कं माहीत होतं!

घाणा कसा चालायचा?

जमिनीत पक्कं बसवलेलं मोठं उखळ आणि त्यात तिरकी उभी असलेली जाड लाकडी लाट, हा घाण्याचा गाभा. लाट एका आडव्या लाकडाला जोडलेली असते आणि ते लाकूड बैल गोल फिरवतो. त्याच्या डोळ्यांवर झापड असते. लाट उखळाच्या कडेला घासत फिरते, त्या दाबाने तीळ किंवा खोबरं चिरडलं जातं आणि तेल सुटतं. उरलेली पेंड गुरांना घालतात.

ज्यू धर्मग्रंथात विश्रांतीचा नियम बैलालाही लागू आहे. म्हणजे आपल्याकडे राबण्याचं दुसरं नाव असलेल्या घाण्याच्या बैलालाही इथे आठवड्याची हक्काची सुट्टी होती.

मग धर्म टिकला कसा?

या लोकांकडे शतकानुशतके ना धर्मगुरू होते, ना हिब्रू ग्रंथ. उरलं होतं ते रोजच्या वागण्यात: शनिवार पाळणं, मुलांची सुंता, ‘शमा’ ही प्रार्थना आणि खवले व पर असलेलेच मासे खाणं. यात धंद्याचाही हात असावा. दुसऱ्याच्या चाकरीत सुट्टी मालक ठरवतो. घाणा घरचा असल्याने तो कधी थांबवायचा, हे तेली स्वतः ठरवू शकत होता.

घाणे का थांबले?

अठराव्या शतकापासून अनेक कुटुंबं मुंबईला, कंपनीच्या फौजेत आणि नोकऱ्यांत गेली. 1796 मध्ये सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं. पुढे यंत्रावरच्या तेलाने बैलघाण्याची गरज कमी केली. 1948 नंतर बहुसंख्य लोक इस्रायलला गेले, तरी तिथेही अनेक घरांत मराठी बोलली गेली. भारतात आता हा समाज काही हजारांवर आला आहे.

आज काय पाहता येईल?

नवगावचं स्मारक, अलिबागची इस्रायल आळी आणि तिथलं मागेन अबोथ सिनेगॉग. जाण्याआधी चौकशी करा, पुरुषांनी डोकं झाका, फोटोसाठी परवानगी घ्या. शनिवार हा प्रार्थनेचा दिवस असतो, त्यामुळे केवळ बघायला जायचं असेल तर दुसरा वार निवडा.

गावात कुणी वयस्कर भेटलं तर घाण्याबद्दल जरूर विचारा. उखळ कुठे होतं, तेल कोण घेऊन जायचं, ही माहिती फलकावर नसते. ती सांगणारी माणसं मात्र दरवर्षी कमी होत आहेत.