हळूबाई रोलची गोष्ट

बालमित्रांनो, तुमच्या घरी माळ्यावर किंवा कपाटात एखादा जुना रोलचा कॅमेरा पडून आहे का? असला तर आईबाबांना विचारून खाली काढा. माझ्या बाबांचा कॅमेरा असाच आमच्या घाटकोपरच्या घरी माळ्यावर एका पिशवीत होता. बाबा त्यात कधी कधी 'इंदू' फिल्म घालायचे. ती तामिळनाडूत उटीच्या सरकारी कारखान्यात तयार होत असे. तो कारखाना आता बंद झाला आहे. पण परदेशांत काही ठिकाणी अजून फिल्म बनते. मागच्या उन्हाळ्यात मी कृष्णधवल फोटोंचे असे दोन रोल मागवले. डबीवर आकडा होता २५.

हे खूळ माझ्या डोक्यात आले ते आमच्या वर्गातल्या एका मुलामुळे. चौथीची परीक्षा संपली तेव्हा तो म्हणाला, "बाई, आमची चाळ पाडणार आहेत. आजीला चाळीचा फोटो हवाय."

मी म्हटले, "अरे, बाबांच्या मोबाईलवर काढ की!"

"काढले होते बाई. पुष्कळ होते. पण मोबाईल लोकलमध्ये चोरीला गेला. आता आजी म्हणते, जुन्यासारखा फोटो पाहिजे, हातात धरता येणारा."

आजींकडे स्टुडिओत काढलेला लग्नाचा एक फोटो होता. काळा-पांढरा, कडा पिवळ्या पडलेल्या. पन्नास वर्षे तो पत्र्याच्या पेटीत टिकला होता. आजींचे म्हणणे मला पटले. मे महिनाअखेर चाळ रिकामी करायची होती. म्हणजे हातात महिनाभर होता.

२५ म्हणजे काय?

फिल्म म्हणजे प्लास्टिकची पट्टी. तिच्यावर चांदीच्या क्षारांच्या बारीक कणांचा थर असतो. उजेड पडला की त्या कणांत बदल होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण रोल धुतला की तिथे काळी चांदी तयार होते.

आता पावसाची कल्पना करा. अंगणात एक परात आणि एक वाटी ठेवली, तर पहिला थेंब कशात पडण्याची शक्यता जास्त? अर्थात परातीत! फिल्मचेही तसेच असते. मोठे कण उजेड चटकन पकडतात, बारीक कणांना वेळ लागतो. डबीवरचा आकडा हेच सांगतो. ४०० म्हणजे चपळ फिल्म, २५ म्हणजे हळूबाई. गणित तुम्हीच करा, २५ ला कितीने गुणले की ४०० होतात? १६ ने. म्हणजे हळूबाईला सोळापट उजेड लागतो.

मग ही हळूबाई घ्यायचीच कशाला? कारण रांगोळी! जाड दाण्याने काढलेला मोर आणि बारीक रांगोळीने काढलेला मोर यांत फरक दिसतो ना? बारीक कणांच्या फिल्मवर भिंतीचा पोपडा, लुगड्याची वीण, चेहऱ्यावरची सुरकुती असे सारे स्वच्छ उमटते.

पहिला रोल फुकट

त्यांची बैठी चाळ. घरापुढे ओटा, ओट्यावर पत्रा. पुढच्या चौकात रणरणते ऊन, पण ओट्यावर काळोखी. मी ऐटीत कॅमेरा हातात धरला आणि खटाखट छत्तीस फोटो काढले. रोल धुतल्यावर बघते तो काय! चौकातले आठ-नऊ फोटो ठीक होते. ओट्यावरचे सगळे हललेले. आजींना तर तीन नाके आली होती! उजेड कमी, म्हणून कॅमेऱ्याची खिडकी जास्त वेळ उघडी राहिली आणि तेवढ्यात माझा हात हलला. चूक रोलची नव्हती, बाईंचीच होती.

आता एकच रोल उरला होता आणि मे महिना निम्मा सरला होता.

फाळक्यांच्या घरची युक्ती

अशा वेळी मला दादासाहेब फाळके आठवले. गोरेगावच्या चित्रनगरीला ज्यांचे नाव दिले आहे, तेच. त्यांच्या काळची फिल्म अशीच मंद होती. चित्रपट काढण्याआधी १९१२ साली त्यांनी काय केले ठाऊक आहे? कुंडीत वाटाणा पेरला आणि ठरावीक वेळाने त्याचे एकेक चित्र घेत राहिले. सगळी चित्रे ओळीने पडद्यावर दाखवली तेव्हा अंकुर मिनिटभरात सरसर वर आला! तो छोटा चित्रपट पाहून त्यांना पुढच्या कामासाठी भांडवल मिळाले.

वाटाणा एका जागी उभा राहतो, माणसे थोडीच राहणार? 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात दर सेकंदाला साधारण सोळा चित्रे उमटत. म्हणजे एका चित्राच्या वाट्याला उजेड येणार क्षणभरच. म्हणून दादरला दिवसाउजेडी उन्हात चित्रीकरण चाले. दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई पांढऱ्या चादरी धरून तासन् तास उभ्या राहत आणि ऊन नटांच्या अंगावर वळवीत. रात्री घरीच फिल्म धुण्याचे काम. त्यातही त्या असत. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात तो चित्रपट लोकांसाठी लागला. पडद्यावर जे दिसले, त्यात सरस्वतीबाईंच्या चादरींचाही वाटा होता.

चादरी तर आमच्या चाळीतही होत्या!

चाळ कामाला लागली

रविवारी सकाळी पुन्हा गेले. या वेळी कॅमेरा पाण्याच्या पिंपावर ठेवला, खाली पुस्तकांची थप्पी. उजेड मोजायला मात्र मोबाईलच वापरला, खोटे कशाला बोलू? मोबाईल म्हणाला, एक सेकंद. एक सेकंद न हलता बसून पाहा, मग कळेल तो किती मोठा असतो!

शेजारच्या दोन काकू पांढऱ्याशुभ्र चादरी घेऊन चौकात उन्हात उभ्या राहिल्या. "थोडी वर धर गं!" "अगं, माझ्या डोळ्यांवर येतंय!" असे करता करता ऊन अलगद ओट्यावर आले आणि आजींचा चेहरा उजळला. पुन्हा मोजले. आता पाव सेकंद पुरणार होता.

बोटाने कळ दाबली तरी कॅमेरा हलतो. म्हणून मी आपोआप उडणारी कळ लावली. ती दहाएक सेकंद घर्र घर्र करते आणि मग खट्.

"आजी, आता हलू नका हं."

"बाई, लग्नाच्या फोटोतसुद्धा अशीच बसले होते मी," आजी म्हणाल्या आणि गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसल्या. नातू शेजारी उभा राहिला. घाटकोपरवरून विमाने किती खालून जातात, तुम्हाला माहीत आहेच. नेमके कळ उडायच्या वेळी एक विमान आले!

मी पुन्हा कळ लावली. दुसरा फोटो घेतला, तिसरा घेतला. मग दार, तुळशीची कुंडी, नळाजवळची रांग, असे करत छत्तीस पुरे केले.

बर्फ घालून धुतलेला रोल

रोल धुण्याची औषधे २० अंशांच्या आसपास वापरायची असतात. मे महिन्यात आमच्या नळाला तेवढे गार पाणी कुठून येणार? औषध गरम असले की ते भराभर काम करते आणि फोटो बिघडतात. म्हणून औषधांच्या बाटल्या बर्फाच्या बादलीत ठेवल्या. रात्री मोरीतला दिवा घालवून, चाचपडत रोल एका बंद डब्यात भरला. आधी फोटो उमटवणारे औषध, मग हायपो. हायपो उजेड न लागलेले कण काढून टाकतो, नाहीतर सगळी फिल्म पुढे काळी पडेल.

डबा उघडला तेव्हा माझा हात थरथरत होता. आता चुकले तर चाळ पुन्हा उभी राहणार नव्हती.

ओली पट्टी दिव्यासमोर धरली. आजी बसल्या होत्या, अगदी स्वच्छ. मागे दाराच्या चौकटीवर नातवाची उंची मोजून दरवर्षी मारलेल्या रेघासुद्धा दिसत होत्या.

मी तीन फोटो कागदावर उतरवून घेतले. दोन फोटोंत दोघेही स्थिर. विमानाच्या वेळच्या फोटोत आजी स्थिर आणि नातवाच्या डोक्याच्या जागी नुसता धूर! तो बाजूला ठेवणार तोच आजींनी माझ्या हातून घेतला.

"हाच द्या बाई. हा कधी एका जागी उभा राहिलाय?"

जूनमध्ये चाळ पाडली. आजी आता नालासोपाऱ्याला भाड्याच्या घरात राहतात. फोटो लग्नाच्या फोटोशेजारी पेटीत आहे. निगेटिव्ह मी कागदी पाकिटात घालून नातवाकडे दिले आहेत. ते नीट कोरडे ठेवायची जबाबदारी त्याची.

करून पाहा

दुपारी खिडकीपासून लांब कुणाला तरी बसवा. समोर ऊन येत असेल तिथे पांढरी चादर तिरकी धरून ते चेहऱ्यावर वळवा. चादर धरून एक आणि न धरता एक, असे दोन फोटो मोबाईलवर काढा आणि शेजारी शेजारी ठेवून पाहा. आणि आईबाबांनो, त्यातला आवडलेला फोटो कागदावर काढून घ्या. मागे तारीख आणि नावे मुलांच्याच अक्षरात लिहू द्या.