व्यायामोत्तर हृद्गती आणि स्त्री-पुरुषभेद

वर्धा जिल्ह्यातील जाम येथे नागपूर-हैदराबाद महामार्गास चंद्रपूरकडे जाणारा रस्ता फुटतो. अशा गावांच्या रस्त्यांवर पहाटे पोलीसभरतीसाठी धावणारी मुले-मुली दृष्टीस पडतात. महाराष्ट्रातील या भरतीच्या शारीरिक चाचणीत पुरुषांना १,६०० मीटर व स्त्रियांना ८०० मीटर धावावे लागते. धाव संपताच दोघांनाही दम लागतो. मग दोघेही दम खातात. मराठीने एकाच नामास दोन क्रियापदे जोडून या दोन अवस्था वेगळ्या राखल्या आहेत. प्रस्तुत विवेचन दुसऱ्या अवस्थेचे, म्हणजे हृद्गती पूर्वपदावर येण्याच्या क्रियेचे आहे.

व्यायामात अनुकंपी तंत्रिका हृदयास वेग देतात आणि प्राणेशा तंत्रिकेचा लगाम सैल होतो. व्यायाम थांबताच प्रथम हा लगाम पुन्हा आवळला जातो. अनुकंपी प्रभाव त्यामागून हळूहळू ओसरतो. म्हणून पहिल्या मिनिटातील घट ही मुख्यतः प्राणेशेच्या कार्यक्षमतेची खूण होय. कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली २,४२८ प्रौढांच्या अभ्यासावरून असे दाखविले की, ज्यांची गती पहिल्या मिनिटात १२ किंवा त्याहून कमी ठोक्यांनी उतरते, त्यांना पुढील सहा वर्षांत मृत्यूचा धोका अधिक असतो. त्या पाहणीत सुमारे ६३ टक्के पुरुष होते, आणि धावपट्टीवरील श्रमानंतर व्यक्तीस सावकाश चालविले जात असे.

मग या घटीत स्त्री-पुरुषभेद आहे काय? संशोधनाचे निष्कर्ष एकमुखी नाहीत, आणि त्याचे एक कारण तुलनेच्या रीतीत आहे. स्त्रीचे हृदय सरासरीने लहान असते व एका ठोक्यात ते कमी रक्त ढकलते. कमाल हृद्गतीचे '२२० वजा वय' हे रूढ सूत्रही स्त्रियांस जसेच्या तसे लागू पडत नाही. मार्था गुलाटी यांनी २०१० साली ५,४३७ स्त्रियांच्या आधारे '२०६ वजा वयाच्या ०.८८ पट' हे सूत्र मांडले. चाळिसाव्या वर्षी पहिले सूत्र १८० देते, तर दुसरे सुमारे १७१. समजा, पुरुषाची गती १९० वरून १६० वर आली आणि स्त्रीची १८० वरून १५२ वर. घट अनुक्रमे ३० व २८ ठोक्यांची. परंतु शिखराच्या प्रमाणात पाहता दोन्ही जवळजवळ १६ टक्केच. म्हणजे जो भेद दिसला, तो शिखराचा होता, विसाव्याचा नव्हे.

मैदानावरील तुलनेत दोष आणखी वाढतात. अंतरे भिन्न असल्याने श्रम सारखे नसतात. एक जण उभा राहतो, दुसरी चालत राहते. पंधरा सेकंद नाडी मोजून चारने गुणताना एक ठोका चुकला तरी मिनिटास चार ठोक्यांचा फरक पडतो; बाराची मर्यादा तर अशा तीनच ठोक्यांची आहे! शिवाय सराव हा लिंगाइतकाच, किंबहुना अधिक, विचारात घ्यावा लागतो. रक्तक्षयाचेही तसेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत तो आढळला.

म्हणून एखाद्या मुलीची नाडी उशिरा उतरली, तर 'मुलींचे असेच असते' असे म्हणून प्रश्न मिटविणे शास्त्रीय नव्हे. या एका वाक्याने जो भेद नाही तो मानला जातो आणि जो आजार असू शकेल तो नजरेआड होतो. आधी मापन समान अटींवर पुन्हा करावे, नंतर रक्त तपासावे, आणि लिंगभेदाचा विचार त्यानंतरच करावा.