विहिरीच्या दगडात सोने का नाही?

शिक्षकांच्या एका शिबिरात मी खडकांविषयी बोलत होतो. कोलारचे सोने बेसाल्टपासून बनलेल्या खडकांत सापडले, असे सांगताच एका बाईंनी विचारले, ‘‘आमच्या शाळेची विहीरही बेसाल्टमध्येच खोदली आहे. मग तिच्यात सोने का नाही?’’ हशा पिकला. मला मात्र प्रश्न आवडला.

पहिली गोष्ट अशी की त्या विहिरीच्या दगडातही सोने आहे! साध्या बेसाल्टच्या एका टनात साधारण ३-४ मिलिग्रॅम सोने असतेच. पण ते काढण्याचा खर्च सोन्याच्या किमतीच्या कितीतरी पट होईल. खाण चालायची तर टनामागे निदान काही ग्रॅम हवेत, म्हणजे सुमारे हजारपट. तेव्हा सोने कुठून आले यापेक्षा ते एका जागी गोळा कोणी केले, हा खरा प्रश्न आहे.

कर्नाटकातला कोलारचा पट्टा दक्षिणोत्तर सुमारे ८० किलोमीटर लांब आणि जेमतेम ३-४ किलोमीटर रुंद आहे. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म आहेत. सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळावर लाव्हा ओतला गेला, त्याचे हे अवशेष. पाण्यात ओतलेल्या लाव्ह्याच्या उशा बनतात. तशा उशा पाहायच्या असतील तर चित्रदुर्गजवळच्या मरडीहळ्ळीला जावे. तेथील टेकडी राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. असा बेसाल्ट पुढे गाडला जाऊन तापला की त्यात क्लोराइट, ॲक्टिनोलाइट, एपिडोट अशी हिरवी खनिजे तयार होतात. म्हणून अशा पट्ट्यांना हरिताश्म पट्टे म्हणतात. (कोलारचा खडक जास्त तापल्यामुळे हिरवा न राहता जवळजवळ काळा झाला आहे, नावावर जाऊ नये.)

हिरव्या खनिजांच्या स्फटिकांत पाणी बांधलेले असते. तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की ती मोडतात आणि पाणी मोकळे होते. त्याबरोबर कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइडही सुटतो. हा वायू आपल्या परिचयाचा आहे: प्रयोगशाळेत किपच्या उपकरणातून निघणारा, कुजक्या अंड्याच्या वासाचा. सोने एरवी पाण्यात विरघळत नाही. पण गरम पाण्यात गंधक या रूपात असेल तर सोन्याचा अणू त्याच्याशी जोडी जमवतो आणि विरघळतो. गोळा करणारा तो हाच, कित्येक किलोमीटर खोलीवरचा, दाबाखालचा गंधकमिश्रित पाण्याचा प्रवाह. सोने पट्ट्यातल्याच खडकांतून आले की त्याहून खालून, यावर संशोधकांचे अजून एकमत नाही. पण हिशेब करून पाहण्यासारखा आहे. कोलारमधून सुमारे १२० वर्षांत ८०० टनांच्या आसपास सोने निघाले. टनाला ४ मिलिग्रॅम धरले तर तेवढ्या सोन्यासाठी सुमारे ७० घनकिलोमीटर खडक पुरतो. पट्टा त्याहून कितीतरी मोठा आहे. आणि ते ८०० टन सोने मावेल केवढ्या जागेत? सोन्याची घनता १९.३ आहे. उत्तर येते सुमारे ४१ घनमीटर. आपल्या वर्गाची खोलीही भरणार नाही. हे गणित मुलांकडून जरूर करून घ्यावे.

आता विरघळलेले सोने खाली बसायला हवे. सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी हा पट्टा दोन्ही बाजूंनी दाबला गेला. पूर्वेचे आणि पश्चिमेचे पट्टिताश्म मुळात वेगवेगळ्या भूखंडांचे असून ते येथे येऊन जोडले गेले, असा निष्कर्ष प्रा. व्ही. राजमणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडला. थर उभे झाले आणि त्यांत खोल भेगा पडल्या. भेग बंद असताना पाण्याचा दाब वाढत जातो. खडक फुटतो, दाब एकदम उतरतो आणि क्वॉर्ट्झ व सोने भेगेत जमते. भेग पुन्हा बुजते, पुन्हा फुटते. असे असंख्य वेळा झाले. कोलारची प्रसिद्ध चॅम्पियन शीर अशीच क्वॉर्ट्झची आहे. जाडी मीटरभराच्या आसपास. पण तिचा माग काढत माणसे ३ किलोमीटरहून खोल गेली. दुसरा मार्ग रासायनिक आहे. पाण्यातले गंधक भिंतीच्या खडकातल्या लोहाशी संयोग पावते, त्याचे सल्फाइड बनते आणि जोडीदार गमावलेले सोने तिथेच बसते. पट्ट्याच्या पश्चिमेकडच्या शिरांत सल्फाइडे भरपूर आहेत. बेसाल्टमधले लोह येथे असे उपयोगी पडते.

कोलारच्या खाणी २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या. त्याआधी १९६५ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांसह तिथल्या खोलीत वातावरणातील न्यूट्रिनो टिपले होते. रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण मात्र चालू आहे. तिथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, जवळजवळ २०० मीटर खोलीपर्यंत गेलेली जुनी खोदकामे सापडली आहेत. खडक विस्तवाने तापवून फोडत ती माणसे एवढी खाली उतरली, हे मला आजही नवल वाटते.

बाईंच्या विहिरीकडे वळू. सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, जमिनीवर ओतलेला. त्यातले बरेचसे गंधक वायुरूपाने हवेत निघून गेले. त्याचे थर आजही जवळजवळ आडवे आहेत. तो खोल गाडला गेला नाही, दाबला गेला नाही, ५०० अंशांपर्यंत पुन्हा तापला नाही. त्यातूनही गरम पाणी फिरले, पण ते उथळ आणि बेताचेच गरम होते. त्याने पोकळ्यांत जमवले ते स्टिल्बाइट, अपोफिलाइट यांचे देखणे स्फटिक. महाराष्ट्रात सोन्याच्या खुणा मिळाल्या आहेत, पण त्या विदर्भातल्या साकोली पट्ट्यात, बेसाल्टहून फार जुन्या खडकांत.

मुले चमकता पिवळा दगड घेऊन आली तर तो बहुधा पायराइट निघतो. चकाकी नसलेल्या फरशीच्या पाठीवर घासून पाहा: पायराइटची रेघ हिरवट काळी उमटते, सोन्याची पिवळी. हातोडीने पायराइटचा चुरा होतो, सोने चपटे होते.