चौसष्टांतील एक

जबलपूरहून भेडाघाटाला आलेला प्रवासी प्रथम धुआँधाराचे तुषार अंगावर घेतो, मग होडीत बसून नर्मदेच्या दोन्ही तीरांवरचे संगमरवरी कडे पाहतो, आणि पायांत बळ उरले असल्यास टेकडीवरील चौसष्ट योगिनींच्या मंदिराच्या पायऱ्या चढतो. कलचुरी राजांच्या काळी, इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या सुमारास उभारलेल्या ह्या मंदिराची रचना वर्तुळाकार आहे. भिंतीच्या आतील अंगाने कोनाड्यांची ओळ फिरते आणि त्या कोनाड्यांतून योगिनींच्या मूर्ती बसविलेल्या आहेत.

समजा, कोणी आपणांस म्हणाले, 'ह्या चौसष्ट कोनाड्यांपैकी एकात मी एक नाणे ठेवले आहे, ते शोधा.' ओळीने पाहत गेल्यास, दैव प्रतिकूल असेल तर, जवळजवळ सारे वर्तुळ पालथे घालावे लागेल. परंतु 'नाणे ह्या अर्ध्या भागात आहे काय?' एवढे विचारण्याची मुभा असेल, तर केवळ सहा प्रश्न पुरतात. चौसष्टाचे बत्तीस, बत्तिसाचे सोळा, मग आठ, चार, दोन आणि एक. चौसष्ट ह्या संख्येच्या अंगी हा गुण आहे. आज आपल्या घरांतील मुलेमुली ज्या एका नव्याच संकटात सापडतात, त्यातून बाहेर पडण्याची किल्ली नेमकी ह्याच गुणात दडलेली आहे.

ते संकट असे. संगणकावरील अनेक खेळांत खेळणाऱ्यांना स्वतःची भर घालता येते. अशा भरीला 'मॉड' म्हणतात. 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' हा २०१७ साली निघालेला खेळ इंडोनेशियातील मालेओ ह्या कंपनीचा. पण महाराष्ट्रातील हौशी मुलांनी त्यात आपल्या एस. टी.ची लाल गाडी आणून उभी केली आहे. प्राग येथील एससीएस सॉफ्टवेअर कंपनीने २०१२ साली काढलेल्या 'युरो ट्रक सिम्युलेटर २' ह्या खेळातही भारतीय बसगाड्या धावू लागल्या आहेत. हा छंद हलका समजू नये. 'काउंटर-स्ट्राइक' हा जगप्रसिद्ध खेळ १९९९ साली दुसऱ्या एका खेळावरील मॉड म्हणूनच जन्मास आला होता.

तथापि, एक मॉड घालून कोणाचेच समाधान होत नाही. गाडी आली की रस्ते हवेत, रस्ते आले की पाऊस हवा, पाऊस आला की भोंग्याचा खरा आवाज हवा. पाहता पाहता पन्नास-साठ मॉड जमतात. त्यांचे कर्ते निरनिराळ्या देशांतील, एकमेकांना सर्वस्वी अपरिचित. आणि एके दिवशी खेळ सुरूच होत नाही, किंवा अर्ध्या वाटेवर बंद पडतो. कित्येक महिन्यांचा जतन केलेला खेळ उघडेनासा होतो. मूल हिरमुसते, वडील संगणकावर रागावतात, आणि बहुधा सगळेच पुसून टाकले जाते. वाचकहो, ह्या शेवटच्या उपायाची सहसा गरज नसते. भांडण कोणाचे आहे, हे शोधता येते. आणि शोधल्यावर बहुधा मिटविताही येते.

प्रथम भांडण होते कसे, ते पाहू. 'स्कायरिम' हा २०११ सालचा खेळ मॉडांसाठी विशेष प्रसिद्ध आहे. त्यातील प्रत्येक तलवार, प्रत्येक माणूस, प्रत्येक घर ह्यांची एकेक नोंद असते. तलवारीच्या नोंदीत तिचे वजन, किंमत, धार असे सारे तपशील एकत्र लिहिलेले असतात. पहिल्या मॉडने तलवारीचे वजन कमी केले आणि दुसऱ्याने तिची किंमत वाढविली, तर वरवर पाहता दोघांत तंटा नाही. पण खेळ ही नोंद तुकड्यातुकड्याने घेत नाही. जो मॉड शेवटी वाचला जाईल, त्याची संपूर्ण नोंद ग्राह्य धरली जाते. दुसऱ्या मॉडच्या नोंदीत वजन मूळचेच राहिलेले असते. म्हणून किंमत वाढते, परंतु पहिल्याने केलेला वजनाचा बदल निमूटपणे नाहीसा होतो.

दुसरा प्रकार आधार तुटण्याचा. काही मॉड दुसऱ्या मॉडवर उभे असतात. पायाचा मॉड नसेल, किंवा जुन्या आवृत्तीचा असेल, तर वरचा कोसळतो. तिसरा प्रकार एकाच क्रमांकावर दोघांनी हक्क सांगण्याचा. 'माइनक्राफ्ट' ह्या खेळात पूर्वी प्रत्येक वस्तूला एक क्रमांक असे. दोन मॉडकर्त्यांनी तोच क्रमांक आपापल्या वस्तूस दिला, की खेळ बंद पडे. आणि मुले ते क्रमांक हाताने बदलीत बसत. २०१३ सालच्या १.७ ह्या आवृत्तीपासून क्रमांकांऐवजी नावांचा वापर होऊ लागला, आणि प्रत्येक वस्तूच्या नावापुढे तिच्या मॉडचे नाव लागू लागले. एका वर्गात दोन विठ्ठल असतील तर गुरुजी आडनावाने हाक मारतात, तशीच ही तोड.

येथे हेही सांगावयास हवे, की प्रत्येक विरोध हा रोग नव्हे. पावसाचा नवा मॉड जुन्या पावसाची जागा घेणारच. त्यासाठीच तर तो घातलेला असतो. ज्या विरोधाने खेळ बिघडतो किंवा आपणांस हवा असलेला बदल हरवतो, त्याचाच बंदोबस्त करावयाचा.

आता शोधाची रीत. सर्वप्रथम जतन केलेल्या खेळांच्या फाइलींची प्रत दुसऱ्या ठिकाणी काढून ठेवावी. वैद्याने नाडी पाहण्यापूर्वी रोग्यास सुरक्षित जागी निजवावे, तसे हे आहे. ह्यापुढील सर्व प्रयोग नवा खेळ सुरू करून त्यावरच करावेत. 'स्कायरिम'सारख्या खेळात मॉडचे काही अंश जतन केलेल्या खेळात उतरलेले असतात. खेळ अर्ध्यावर आला असता मॉड काढून टाकल्यास ती फाइल कायमची खराब होण्याचा संभव असतो.

दुसरी गोष्ट, सर्व मॉड बंद करून खेळ चालवून पाहावा. तरीही तो बिघडत असेल तर मॉड निर्दोष आहेत, आणि दोष मूळ खेळात किंवा यंत्रात शोधला पाहिजे. ही साधी परीक्षा न करताच अनेकजण निरपराध मॉडना शिक्षा देत बसतात.

तिसरी गोष्ट, नोंदवही वाचावी. बहुतेक खेळ चालताना काय घडले ते एका फाइलीत लिहून ठेवतात. 'युरो ट्रक सिम्युलेटर'मध्ये अशी एक नोंद-फाइल असते, आणि 'माइनक्राफ्ट'मध्ये खेळ कोसळल्याचे अहवाल वेगळ्या फोल्डरात साठतात. त्यातील भाषा रूक्ष असते. पण खेळ बंद पडण्यापूर्वीच्या शेवटच्या ओळींत पुष्कळदा एखाद्या मॉडचे नाव आढळते. ते नाव म्हणजे निकाल नव्हे, माग आहे. जेथे स्फोट झाला तेथेच ठिणगी पडली असे नसते.

नोंदवहीने काहीच सांगितले नाही, म्हणजे चौसष्टाचे गणित हाती घ्यावे. निम्मे मॉड बंद करून खेळ चालवावा. बिघाड राहिला तर दोषी चालू असलेल्या अर्ध्यात आहे. गेला तर बहुधा बंद केलेल्या अर्ध्यात. दोषी अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करावेत. 'सिम्स ४' खेळणारी मंडळी हाच उपाय नित्य करतात, आणि लिनक्स ह्या संगणकप्रणालीचे रचनाकार हजारो बदलांतून एक सदोष बदल ह्याच रीतीने हुडकून काढतात. भाग पाडताना एक पथ्य पाळावे: आधार देणारा मॉड आणि त्यावर उभे असलेले मॉड ह्यांची ताटातूट करू नये. नाहीतर शोधाच्या भरात नवाच बिघाड निर्माण होईल.

भेडाघाटचे मंदिर येथे आणखी एक धडा देते. त्याचे नाव चौसष्ट योगिनींचे असले, तरी त्या वर्तुळात योगिनींच्या जागा एक्क्याऐंशी आहेत. तेव्हा आपल्याजवळ किती मॉड आहेत, हे आठवणीवर विसंबून ठरवू नये. फोल्डर उघडून मोजावे. एक्क्याऐंशी असले, तरी भिण्याचे कारण नाही. सहाऐवजी फार तर सात परीक्षा लागतील.

परंतु कधीकधी विलक्षण अनुभव येतो. पहिला अर्धा भाग एकटा चालविला तर खेळ ठीक. दुसरा एकटा चालविला तरीही ठीक. दोन्ही एकत्र आले की बिघाड! ह्याचा अर्थ एकटा कोणी दोषी नाही. पहिल्या भागातील एकाचे दुसऱ्या भागातील एकाशी पटत नाही. चौसष्ट मॉडांच्या जोड्या दोन हजार सोळा होतात. त्या एकेक करून तपासणे अशक्यप्राय. अशा वेळी पहिला भाग संपूर्ण चालू ठेवावा आणि दुसऱ्याचे निम्मे निम्मे करीत जावे. पाच परीक्षांत दुसऱ्या भागातील भांडखोर सापडतो. मग त्याला चालू ठेवून पहिला भाग तसाच निम्मा निम्मा करावा. सुरुवातीच्या दोन परीक्षा धरून बारा परीक्षांत जोडी हाती लागते. दोन हजार सोळा कोठे आणि बारा कोठे!

जोडी सापडल्यावर निवाडा करावयाचा. सर्वांत सोपा उपाय क्रम बदलण्याचा. मात्र प्रत्येक खेळाचा कायदा निराळा. 'युरो ट्रक'च्या यादीत वरचा मॉड खालच्यावर मात करतो. 'स्कायरिम'मध्ये शेवटी वाचला गेलेला वरचढ ठरतो. एका खेळाचे ज्ञान दुसऱ्यात डोळे मिटून वापरल्यास नेमके उलटे फळ मिळते. 'स्कायरिम'चा क्रम सुचविणारे 'लूट' नावाचे विनामूल्य साधन आहे. 'एक्सएडिट' नावाचे दुसरे साधन दोन मॉडांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडून विरोधाच्या जागा रंगाने दाखविते.

क्रम बदलूनही दोघांपैकी एकाचा बदल हरवत असेल, तर समेट घडवावा लागतो. एक लहानसा तिसरा मॉड तयार करून त्यात पहिल्याचे वजन आणि दुसऱ्याची किंमत अशी दोन्ही लिहावीत, आणि तो सर्वांच्या शेवटी ठेवावा. पुष्कळदा असा समेट कोणीतरी आधीच तयार करून ठेवलेला असतो. तोही शक्य नसेल, तर मात्र दोघांपैकी कोण अधिक प्रिय, ते ठरवून दुसऱ्यास निरोप द्यावा.

कित्येकदा मॉडांचे आपसांत उत्तम पटते, पण मूळ खेळच बदलतो. २०२४ सालच्या एप्रिलमध्ये ह्याचा मोठा अनुभव आला. 'फॉलआउट ४' ह्या खेळावर हौशी कलावंतांनी कित्येक वर्षे खपून 'फॉलआउट : लंडन' हा प्रचंड मॉड तयार केला होता. २३ एप्रिल ही प्रकाशनाची तारीख ठरलेली. तोच २५ एप्रिलला मूळ खेळाची नवी आवृत्ती येणार असे जाहीर झाले. प्रकाशन लांबले आणि अखेर २५ जुलैला मॉड बाहेर पडला. खेळणाऱ्यांना मूळ खेळ जुन्या आवृत्तीवर परत न्यावा लागला. म्हणून मॉड वापरणाऱ्याने खेळाच्या आपोआप होणाऱ्या नव्या आवृत्त्यांवर, शक्य तेथे, लगाम ठेवावा. 'सिम्स ४' तर प्रत्येक नव्या आवृत्तीनंतर सर्व मॉड स्वतःच बंद करतो. ह्यात दटावणी नाही, सावधगिरी आहे.

पालकांसाठी एक इशारा. २०२३ सालच्या जूनमध्ये 'माइनक्राफ्ट'चे मॉड मिळण्याच्या नामांकित ठिकाणी काही मॉडांतून अपायकारक प्रणाली शिरली होती. ती संगणकावरील गुप्त शब्द चोरीत असे. तेव्हा ओळखीच्या जागेवरूनही मॉड घेताना तो किती दिवसांपासून आहे, इतर त्याविषयी काय सांगतात, हे पाहावे. ज्या संगणकावर घरातील बँकेचे व्यवहार होतात, तो मॉडांच्या प्रयोगासाठी न दिलेला बरा.

आणि एक साधी वही. आज कोणता मॉड घातला, कोणत्या आवृत्तीचा, त्यानंतर खेळ कसा चालला, एवढे तीन रकाने पुरेत. मॉड एका वेळी एकच घालावा, थोडा वेळ खेळून पाहावे, मग दुसरा. दहा एकदम घालणाऱ्याचे दोन तास वाचल्यासारखे वाटतात, आणि पुढे दोन दिवस जातात.

ही शिस्त खेळापुरती उरत नाही. घरातील फ्यूज वारंवार उडू लागला तर सर्व बटणे बंद करून एकेक चालू करणारी गृहिणी हेच करीत असते. शेतातील पंप, शिवणयंत्र, संस्थेचा हिशेब, कशातही दोष शिरला तरी रीत एकच: आधी जे मोलाचे आहे ते सुरक्षित ठेवा, एका वेळी एकच गोष्ट बदला, जे दिसले ते लिहून ठेवा, आणि पुरावा मिळेपर्यंत कोणावर ठपका ठेवू नका. आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी बंद पडलेल्या खेळापुढे हताश होऊन बसली असेल, तर तिच्या हाती कागद-पेन्सिल द्या आणि शेजारी बसून विचारा, 'एकंदर मॉड किती आहेत? चल, आधी अर्धे बंद करून पाहू.'